मास्तर ‘जातो’ म्हणाले

शस्त्र विकणाऱ्याच्या हाताला शेवटी रक्त लागतंच, हे मी तेवीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो. माझ्या हाताला तर दर महिन्याला लागायचं. काडतुसांची पेटी पत्र्याच्या पट्टीने आवळलेली यायची, आणि ती पट्टी तोडायची पक्कड माझ्या वडिलांनी घेतलेली होती. वडिलांनी घेतलेल्या बाकी वस्तूंसारखी तीही ऐन वेळी सटकायची. त्या दिवशी सकाळीही सटकली. मी अंगठा तोंडात घालून उभा होतो, आणि म्हापणकर मास्तर दुकानाची पायरी चढून आत आले.

"तोंडातला अंगठा काढ, तेंडोलकर. वय काय तुझं?"

"एकेचाळीस, मास्तर."

"मग राहू दे. आता सवय जायची नाही."

मास्तरांनी आमच्या हायस्कुलात एकतीस वर्षं मराठी शिकवलं. अर्ध्या तालुक्याच्या वेलांट्या त्यांनी सुधारल्या होत्या. उरलेल्या अर्ध्याने त्यांच्या भीतीने शाळा सोडली होती. मी वडिलांच्या मागे दुकान चालवायला घेतलं तेव्हा नवी पाटी रंगवून घेतली: ‘तेंडोलकर आणि सन्स. बंदूका, काडतूसे, गळ व बॅटऱ्या.’ उद्घाटनाला मास्तर आले, पेढा हातात धरून पाटीखाली उभे राहिले, आणि पेंटरला शिडीवर परत चढवूनच त्यांनी पेढा तोंडात टाकला. ‘बंदूका’तला एक आणि ‘काडतूसे’तला एक असे दोन दीर्घ उकार खरवडून ऱ्हस्व केले गेले. तिथला रंग शेवटपर्यंत वेगळाच दिसायचा.

मास्तरांकडे शेतीसंरक्षणाचा परवाना होता आणि एकनळी बारा बोअरची बंदूक. कोकणात रानडुकरं सुरण आणि कणग्यांचे कंद उकरतात, म्हणून सरकार शेतकऱ्याला बंदूक देतं, आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करून घेतं. त्या काळात डुकरं काय करतात, याचा सरकारने कधी विचार केलेला नाही. मास्तर दर वर्षी काजूच्या मोसमात पाच काडतुसं न्यायचे. त्याहून कमी नाही, जास्त नाही.

"पाच," ते म्हणाले.

"डुकरं आहेत अजून?"

"वाढलीत."

मी काडतुसं काढताना म्हटलं, "निकाल ऐकला, मास्तर. वाईट झालं."

त्यांच्या कलमांच्या बागेत जाणारी वाट चुलतभावांनी दगडी गडगा घालून बंद केली होती. एकोणीस वर्षं दावा चालला आणि आदल्याच दिवशी मास्तरांच्या विरुद्ध निकाल लागला होता. तालुक्यात ज्याला कान होते त्या प्रत्येकाने तो ऐकला होता.

"निकालपत्र वाचलंस?"

"नाही."

"वाचू नकोस. ‘सिद्ध’ शब्दाला दीर्घ वेलांटी दिली आहे. सात वेळा. ज्याला सिद्ध लिहिता येत नाही, त्याने काय सिद्ध केलं?"

मी हसलो. ते हसले नाहीत, पण ते कधीच हसत नसत, त्यामुळे त्यात नवीन काही नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतोय. पुढे मला पुष्कळांनी विचारलं, की ते उदास दिसत होते का? मी काय सांगणार? ते एकतीस वर्षं तसेच दिसत होते.

त्यांनी चष्मा लावून वहीत सही केली, तारीख घातली, मी लिहिलेलं ‘परवाना क्रमांक’ तपासलं, चष्मा काढून काउंटरवर ठेवला, काडतुसं पिशवीत घातली आणि छत्री उचलली.

"जातो," ते म्हणाले.

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं. आठवीत असताना शाळा सुटल्यावर मी एकदा मास्तरांना ‘जातो मास्तर’ म्हणालो होतो. त्यांनी मला परत वर्गात नेऊन शंभर वेळा लिहायला लावलं: ‘जातो म्हणू नये, येतो म्हणावे.’ मी बोटं चोळत विचारलं होतं, का? ते म्हणाले होते, "निरोप घेणाऱ्याने परत येण्याचं कबूल करून जायचं असतं. जो परत येणारच नाही त्याने ‘जातो’ म्हणावं. पण तो सहसा बोलण्याच्या परिस्थितीत नसतो." त्यानंतर मी, माझी भावंडं, आमच्या गल्लीतलं कोणीही आयुष्यात ‘जातो’ म्हणालं नव्हतं.

आणि मास्तर ‘जातो’ म्हणाले.

माझ्या आनंदाला सीमा राहिली नाही. सत्तावीस वर्षं मी या क्षणाची वाट बघत होतो, हे मलाच तेव्हा कळलं.

"मास्तर!" मी काउंटरवर हात आपटून ओरडलो. "येतो म्हणावं!"

ते पायरीवर थांबले. वळले. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले, एखाद्या मठ्ठ पोराने अचानक बरोबर उत्तर दिल्यावर बघावं तसे.

"बरोबर," ते म्हणाले. "शंभरपैकी शंभर."

आणि गेले. ‘येतो’ काही म्हणाले नाहीत.

मी ही गोष्ट पुढच्या तासाभरात तीन गिऱ्हाइकांना सांगितली. तिसऱ्याला सांगताना लक्षात आलं, की मास्तरांचा चष्मा काउंटरवरच राहिला आहे. मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला. म्हटलं, येतील तेव्हा नेतील.

दीड वाजता सावंतवाडीकडून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने स्टँडवर बातमी आणली. म्हापणकरांच्या वाडीत, चुलतभावांच्या अंगणात दावा जिंकल्याची सत्यनारायणाची पंगत बसली होती. मास्तर गडग्यावरून आले. तिघं पानावरच गेले, चौथा दवाखान्याच्या वाटेत. पाच जण जखमी. गेलेल्यांतले दोन चुलतभाऊ, एक त्यांचा मेहुणा. चौथा भिकाजी परब, एसटीतला कंडक्टर. त्याचा त्या वाटेशी किंवा दाव्याशी काही संबंध नव्हता. ड्यूटी संपवून तो जेवायला थांबला होता. आदल्याच आठवड्यात त्याने माझ्याकडून टॉर्चचे दोन सेल नेले होते आणि दुसऱ्या दिवशी त्यातला एक परत आणला होता. "ह्यो पेटणा नाय." मी बदलून दिला होता.

चार वाजता इन्स्पेक्टर गावंडे आले. ते मूळचे दर्यापूरकडचे, वऱ्हाडातले. आमच्याकडे बदली होऊन सहा महिने झाले होते आणि अजून त्यांना माशाचे काटे काढता येत नव्हते.

"तुम्हीच तेंडोलकर काय? बसा बसा. दुकान तुमचंच आहे. अजून."

मी वही दाखवली. त्यांनी परवान्याचा क्रमांक, तारीख, सही, सगळं दोनदा पाहिलं आणि प्रत्येक वेळी सगळं बरोबर निघाल्याचं त्यांना थोडं वाईट वाटलं.

"पाच देल्ले ना?"

"पाच."

"चार उडाले. हे पाचवं." त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं काडतूस काढून काउंटरवर ठेवलं. "बुडाकडं पाहा. काय दिसते?"

मधोमध खड्डा पडला होता. घोडा आदळल्याची खूण.

"दाबलं होतं," मी म्हणालो. "पण फुटलं नाही."

"नाही फुटलं. आमचे लोक पोचले तवा मास्तर स्वतःच्या ओसरीवर बसून होते. बंदुकीचं तोंड स्वतःकडं. म्हणाले, ‘हे सदोष आहे.’ बस. तवापासून एक शब्द बोलले नाही."

माझ्या मागे बॅटऱ्यांचं खोकं होतं, मी त्यावर बसलो. मला त्या वेळी ‘जातो’ कळलं. म्हणजे, कळलं असं वाटलं. की सकाळीच कळलं होतं आणि मी त्याचा विनोद केला होता? हे दोन्ही विचार मी एकाच वेळी करत होतो, आणि गावंडेसाहेब तिसरंच काही बोलत होते.

"...म्हणून म्हणतो मी, तुमचं काही समजूनच नाही राहिलं मले. चार उडाले म्हणून तुम्ही गुन्ह्यात, एक नाही उडालं म्हणून ग्राहक मंचात! असा दुकानदार मी पाह्यला नाही. माल जुना होता काय?"

"गेल्या पावसाळ्याआधीचा. इथल्या हवेत ओल धरते."

"त्या ओलीनं एक माणूस वाचला."

"हो."

"कोरडं असतं त केसच झाली नसती, आरोपीच नसता." ते थोडा वेळ या विचाराकडे बघत बसले. मग त्यांनी जबाबाचा कागद पुढे ओढला. "आता नीट विचार करून सांगा. विकताना संशय आला होता काय? आला होता म्हणाल, त विकलं काहून? नाही आला म्हणाल, त निकाल ठावूक असून आला कसा नाही? दोन्ही वाईटच आहे. तुमाले जे कमी वाईट वाटते ते सांगा."

वकिलांनी मला फोनवर बजावलं होतं की ‘आठवत नाही’ म्हणा. पण मला सगळं आठवत होतं.

"ते ‘जातो’ म्हणाले," मी म्हणालो.

"कुठं?"

"कुठं नाही. नुसतं जातो."

"मंग? माणूस दुकानातून जाणारच ना. मुक्काम करते काय इथं?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. आठवी, शंभर वेळा, परत येण्याचं कबूल करणं, पायरीवर थांबणं, शंभरपैकी शंभर. गावंडेसाहेबांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे दयेने पाहिलं.

"तेंडोलकर, आमच्या गावात अर्धे लोक ‘जातो’च म्हणते. माझा बाप रोज सकाळी ‘जातो बे’ म्हणून वावरात जाते आणि सांजच्याले परत येते. तुमच्या हिशोबानं आमच्याकडं रोज दीडशे गोळीबार व्हायले पाह्यजे."

"पण मास्तर तसे नव्हते."

"हे मी कोणत्या कलमाखाली लिहू? ‘आरोपी जाताना जातो म्हणाला’?" त्यांनी पेन उचललं. "लिहितो, ‘आरोपी संशयस्पद असे काही बोलला नाही.’ करा सही."

‘संशयास्पद’मधला काना राहिला होता. मी तो दाखवला नाही. सही केली. आणि ड्रॉवरमधल्या चष्म्याचंही सांगितलं नाही. का, ते तीस वर्षांनंतरही मला नीट सांगता येत नाही. चष्मा विसरणारा माणूस परत यायच्या विचारात असतो, की चष्मा लागणारच नाही म्हणून ठेवून जातो? पहिल्याने मी सुटत होतो, दुसऱ्याने अडकत होतो, आणि चष्मा दोन्हीकडून सारखाच दिसत होता.

बंदुकांच्या कपाटाला लाख लावून सील ठोकलं गेलं. गळ आणि बॅटऱ्या विकायला मला मोकळीक होती, फक्त घेणारं कोणी राहिलं नाही. एका दैनिकात ‘मृत्यूचे दुकान’ या मथळ्याखाली पाटीचा फोटो आला. खरवडलेले उकार त्यात स्वच्छ दिसत होते. लोक समोरच्या फुटपाथने जाऊ लागले. एक जण मात्र मुद्दाम आत आला, दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "अजून आसत काय थोडी?" मी त्याला हाकलून दिला. त्याच्याकडे परवाना होता आणि खरोखरच डुकरं होती, हे मला नंतर समजलं.

मी निरोपांवर कान ठेवून बसू लागलो. कोण येतो म्हणतंय, कोण जातो. पोस्टमन काहीच म्हणायचा नाही, ते मला जास्तच वाईट वाटायचं. माझा मुंबईचा भाचा आला आणि दारातून हात हलवत ‘चलो, बाय’ म्हणाला. त्याचं काय समजायचं? मी स्टँडपर्यंत त्याच्या मागे गेलो. त्याला वाटलं, मामाला माया आली.

अडीच महिन्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाची नोटीस आली. तुमचा परवाना रद्द का करू नये, पंधरा दिवसांत उत्तर द्या. बरोबर छापील नमुना होता. प्रश्न सातवा: ‘विक्रीच्या वेळी खरेदीदाराविषयी संशयास कारण होते काय? होय / नाही. (लागू नसेल ते खोडावे.)’ वकील म्हणाले, ‘होय’ खोडा, काही विचार करू नका. मी दुकानातली पेट्यांवर खुणा करायची तांबडी पेन्सिल घेऊन बसलो. चौदा दिवस बसलो. एकदा ‘होय’वर पेन्सिल टेकवायचो, एकदा ‘नाही’वर. दोन्ही शब्दांवर बारीक तांबडे ठिपके पडले. देवी आल्यासारखे दिसायला लागले दोघंही.

पंधराव्या दिवशी सकाळी म्हापणकर काकी आल्या. मास्तरांच्या पत्नी. हातात कापडी पिशवी, पदर खांद्यावरून घट्ट घेतलेला. मी उभा राहिलो. वाटलं, आता या विचारणार. आणि त्यांनी विचारलं तर मला वकिलांचं उत्तर देता येणार नव्हतं.

"दिगू, बरो आसस मां?"

"बसा, काकी."

"बसूक नाय इलंय," म्हणत त्या स्टुलावर बसल्या. दुकान बघितलं, लाखेचं सील बघितलं. "ह्यांचो चष्मो हयसर रवलो काय रे? घरात सगळीकडे सोदलंय."

मी ड्रॉवर उघडून चष्मा दिला. त्यांनी तो पदराने पुसायला घेतला. एक काच, मग दुसरी, मग परत पहिली.

"काकी," मी म्हणालो, "मला एक सांगायचंय. त्या दिवशी मास्तर जाताना मला ‘जातो’ म्हणाले."

त्यांचा हात थांबला.

"माका पण," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तसाच म्हणाले. उंबऱ्यार उभे रवान. सकाळी तुज्याकडे येऊक निघाले तेव्हा."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणतलंय? चुलीकडे हुतंय. थंयसूनच आराडलंय, अहो, येतो म्हणा!" त्यांनी चष्मा उजेडात धरला. "म्हणाले, बरोबर. शंभर मार्क दिल्यानी."

रस्त्यावरून एक हातगाडी गेली. मी उघडा राहिलेला ड्रॉवर लावून घेतला.

"तुम्हांला काही वाटलं नाही तेव्हा?"

"वाटला मां." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "चाळीस वर्सां माजा बोलणा सुधारल्यानी रे तेंनी. त्या दिवशी पयल्यांदा मी तेंका सुधारलंय. माका आनंद झालो. दुपारपर्यंत हसत हुतंय मी एकटीच."

पोलिसांना त्यांनी हे सांगितलं का, असं विचारावंसं वाटलं, पण माझ्या तोंडावर ते लिहिलेलं असावं.

"पोलिसांनी इचारल्यानी, काय बोलले जाताना? मी सांगितलंय, कायएक नाय." त्यांनी चष्मा रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला. "खोटा नाय सांगितलंय. खरा काय ता माकाच ठावूक नाय."

"चष्मा कशाला हवाय आता, काकी?"

"आरोपपत्र इलां. पासष्ट पानां. थंय जेलात कोणाचो तरी चष्मो लावन पयला पान वाचल्यानी. एका पानार अकरा चुको आसत म्हणतत. असा कोर्टात जाऊक नये, तपासून देतंय म्हणतत." त्या उठल्या. "तीन म्हैन्यांत पयल्यांदा तोंड उघडल्यानी, ता ह्या सांगूक."

पायरीपर्यंत मी त्यांच्याबरोबर गेलो. हातात पेन्सिलीसकट नोटीस होती, ती मी का बरोबर घेतली होती कोण जाणे. आज शेवटचा दिवस होता आणि प्रश्न सातवा तसाच होता. मला त्यांना विचारायचं होतं: होय, की नाही? त्या दिवशी ते ऐकलेली माणसं जगात दोनच होती, आणि त्यातली दुसरी माझ्यासमोर उभी होती.

"येतंय हां, दिगू," त्या म्हणाल्या. एक पायरी उतरल्या. मग थांबल्या, वळल्या, आणि माझ्या हाताकडे बघू लागल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, त्यांनी नोटीस वाचली.

"ती तांबडी पेन्सिल," त्या म्हणाल्या, "तुका लागता काय रे?"